कॅलेंडर इतकं खाली

दार बघायला सुतार आला
तेव्हा ओजस क्लासला होता.
मुद्दाम तशीच वेळ दिली होती.

वारज्यातला आमचा वन बीएचके, तिसरा मजला,
हॉलमधून बेडरूमचं दार,
दारावर कॅलेंडर, कमरेच्या जरासंच वर.
समोरच्या जोगळेकरबाई दोनदा म्हणाल्या,
"इतकं खाली का हो? तिथी बघायला वाकावं लागतं."
मी म्हटलं, माझी उंची ती केवढी.

एकनाथ पांचाळांनी कॅलेंडर वर उचललं.
मार्चच्या मागे भोक.
माझी उत्तरं तयार होती:
वाऱ्यानं आपटलं, कपाट सरकवताना लागलं.
त्यांनी विचारलंच नाही.
कडेवरून बोट फिरवलं, कुसळं कुठल्या बाजूला गेलीत ते पाहिलं,
म्हणाले, "हॉलमधून मारलंय.
म्हणजे तुम्ही आत होता."

चहा नको म्हणाले. टेप खिशात घातली.
"दार आठवड्यात बसवतो, ताई.
पण आधी कॅलेंडर काढा."
आणि टोपी काढून कानामागचे टाके दाखवले.
सात.
"मुलगी आहे. एकोणीसची. नशीब, हातात रंधा नव्हता."

महिन्याचा दुसरा शनिवार,
कर्वेनगरला महापालिकेची शाळा, चौथी ब.
बाकंही चौथीचीच, गुडघे हनुवटीपाशी येतात.
फळ्यावर कालचं राहिलेलं:
पट बेचाळीस, हजर एकोणचाळीस.
मी सारखी त्या तिघांचा विचार करत बसते.

शेलार पीएमपी चालवतात,
स्वारगेटच्या चौकात कुणाच्या बापाला न घाबरणारा माणूस
घरी किल्ली लावण्याआधी जिन्यात दहा मिनिटं बसतो.
नसीमआपा सुऱ्या पिठाच्या डब्यात लपवतात.
परवा विसरल्या, पीठ काढताना बोट कापलं.
त्यांनी ते असं सांगितलं की आम्ही हसलो,
इतकं हसलो की वॉचमन वर येऊन बघून गेला.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, आमचं काय चुकलं?
वीणाताई म्हणाल्या, "तो प्रश्न चपलांबरोबर बाहेर ठेवा.
जाताना हवा तर पायात घाला."
बरेच जण घालून जातात. मीही.

तिथे पोलिसांचं बोलणं होतं, डॉक्टरांचं होतं,
कुणाच्या घरी रात्री दोनला फोन केला तरी चालेल त्याची यादी होते.
माझ्या नावापुढे पांचाळांचा नंबर आहे.
पण मला जे अवघड गेलं ते फार छोटं होतं.

ओजस नंतर येतो ना, सगळं झाल्यावर,
पहाटे कधीतरी, पायाशी बसतो,
सहा वर्षांचा असल्यासारखा विचारतो,
"आई, तुला लागलं का?"
आणि मी म्हणते, नाही रे, झोप.
दर वेळी. मेमध्ये लांब बाह्यांचा ड्रेस घालून बँकेत जाते,
आणि म्हणते नाही रे.

वर्गात पांचाळ ओजस झाले.
पन्नाशीचा माणूस, भुवईत लाकडाचा भुसा,
बाकावर अवघडून विचारतो, "आई, लागलं का?"
मी म्हटलं, नाही रे.
वीणाताई म्हणाल्या, पुन्हा.
नाही... म्हणजे, थोडंसं.
पुन्हा.
तिसऱ्यांदा "हो" आला,
आणि पांचाळच रडायला लागले.

त्या रात्री कॅलेंडर काढलं. खिळा निघाला नाही, राहू दिला.
ओजस हॉलमध्ये दिवाणावर आडवा,
तोंडावर मोबाइलचा निळा उजेड.
त्यानं पाहिलं. बोलला नाही.
मी आत जाऊन कडी घातली, दिवा चालूच ठेवला,
पलंगावर बसून महिन्याचा हिशेब मांडला,
वीज, क्लासची फी, दाराचे आगाऊ दोन हजार.

बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला,
"आई, भोकातून लाइट येतोय. डोळ्यावर."

पेन खाली ठेवलं.
म्हटलं,
हो. येतोय.